कोपरा तुटलेलं कार्ड

जर्मनीत डार्मश्टाटला पीएचडीला आले, त्या पहिल्या हिवाळ्यात मला अजिबात करमत नव्हतं. लॅबमधले सगळे शुक्रवारी घरी गेले की सोमवारपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नाही. दर रविवारी शेजारच्या काकूंच्या फोनवर आईला फोन करायचे आणि तिने काही विचारायच्या आतच सांगून टाकायचे, "मजेत आहे गं." बाबा गेल्यापासून ती गावी एकटीच, तिच्या जिवाला आणखी घोर कशाला? पण खरं सांगायला जीव नुसता तडफडत होता.

एका शनिवारी फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, एका आजींकडे खोकंभर जुनी शुभेच्छाकार्डं दिसली. गुलाब, कबुतरं, सोनेरी घंटा. त्यांच्या आजोबांचा भाऊ तरुणपणी अमेरिकेत शेती करायला गेला होता. दर सणाला त्याने घरी पाठवलेली ही कार्डं. अक्षर जुन्या वळणाचं, मला लागेना. आजींनीच वाचून दाखवलं. "इकडे बर्फ फार आहे. गाय व्याली. बाकी सगळं ठीक." पुढचं कार्ड घेतलं, तर पुन्हा बर्फ आणि पुन्हा सगळं ठीक. मला हसूच आलं. अरे बाबा, एवढा समुद्र ओलांडून गेलास आणि कळवतोस काय, तर हवामान!

"परत आले का ते?" मी विचारलं.

"नाइन, नाही," आजी म्हणाल्या. "तिकडेच वारले. एकटेच राहिले शेवटपर्यंत."

खोक्याच्या तळाशी निळ्या फुलांचं एक कोरं कार्ड होतं. त्याचा एक कोपरा तुटलेला, म्हणून आजींनी मला ते तसंच देऊन टाकलं. खोलीवर येऊन मी एका दमात लिहिलं: आई, मला इथे करमत नाही. रोज रडू येतं. तू फक्त 'ये' म्हण, मी येते. तिकीट चिकटवलं आणि विचार बदलायच्या आत पेटीत टाकलं.

कोपऱ्याचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आमच्याकडे कुणी गेल्याचं कळवायचं असलं की कार्डाचा कोपरा फाडतात. तसलं पत्र घरात घेत नाहीत, बाहेरच्या बाहेर वाचून फाडून टाकतात. लहानपणापासून पाहिलेलं हे, तरी माझी अक्कल बघा!

दोन आठवड्यांनी त्याच काकूंच्या फोनवरून आईचाच फोन आला. आधी ती नुसतीच रडली.

"अगं कार्टे, कोपरा फाडून कार्ड पाठवतात का कुणी? पोस्टमनने मान खाली घालून हातात दिलं. अंगणातच बसले मी. काकूंनी पत्त्यावरचं अक्षर ओळखलं. 'पोरीनेच लिहिलंय, ती धड आहे,' म्हणाल्या आणि 'असलं घरात नको' म्हणून फाडून चुलीत घातलं. वाचलंसुद्धा नाही गं कुणी. काय लिहिलं होतंस?"

तिला अजून धाप लागलेली ऐकू येत होती.

"काही नाही गं," मी म्हणाले. "इकडे बर्फ फार आहे, एवढंच. बाकी सगळं ठीक."