शेठजींची पंधरावी पडती बाजू

'पडत्या बाजू' या रकान्यात चौदा मुद्दे झाले होते. 'जमेच्या बाजू'त तीनच, आणि त्यातला एक 'स्वतःची फियाट आहे' हा होता.

"फियाट दोनदा लिव," तात्या म्हणाले. "गाडी नवी हाय."

मी दोनदा लिहिलं नाही. तसं बोललेही नाही. त्या काळात मी ऑफिसात दिवसाला सात-आठ वाक्यं बोलत असे आणि त्यातली निम्मी 'यस सर' असत.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सोलापुरात मल्लप्पाशेठ यांच्या चादर कारखान्यात मी स्टेनो होते. स्टेनोचं काम म्हणजे साहेब बोलतील ते शॉर्टहँडच्या खुणांमध्ये झपाझप उतरवायचं आणि मग टाइप करायचं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, शॉर्टहँड इंग्रजीचं. शेठ बोलत मराठीत आणि रागावत कानडीत. हे जुळवून घेण्यात माझे सुरुवातीचे दोन महिने गेले.

शहरातल्या चादर कारखानदारांचा एक संघ होता. त्याचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडणुकीला जोडीनं उभे राहत. चिठ्ठीवर दोघांची नावं एकाच चौकोनात असत. मत दिलं तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही. शेठ दोनदा अध्यक्षपदासाठी उभे राहून दोनदा पडले होते. या वेळी पडलो तर पुन्हा उभा राहणार नाही, असं त्यांनी घरी देवासमोर आणि ऑफिसात माझ्यासमोर सांगितलं होतं. आमच्या या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत फॉर्म भरायचा होता.

उपाध्यक्ष म्हणून त्यांनी नरसय्यांना घेतलं होतं. नरसय्या तेलुगू विणकर घराण्यातले, स्वतःच्या हिमतीवर कारखानदार झालेले, गोलमटोल आणि मवाळ. त्यांच्याबरोबर विणकरवस्तीतली मतं येतील असा अंदाज होता. तिसरे तात्या. ते सुताचे एजंट, मूळचे मोडनिंबचे. श्रीपूरकडे साखर कारखान्याच्या निवडणुकीत आपण आख्खं पॅनेल निवडून आणलं असं ते सांगत. कोणतं पॅनेल, हे दर वेळी बदलत असे.

उमेदवाराला समोर बसवून त्याची उणीदुणी काढायची, ही तात्यांची पद्धत. "बैल घेताना आधी दात बघायचं," ते म्हणत. "शिंगं काय, कुणीबी रंगवतंय."

तीन दिवस ते दात बघत होते आणि मी लिहून घेत होते.

"शेठ तापट हाय. लिव."

"मी तापट?" शेठनी टेबलावर हात आपटला. चहा बशीत सांडला.

मी लिहिलं.

"नरसय्या सभेत झोपतंय."

"झोपत नाही," नरसय्या आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाले. "डोळे मिटून ऐकते मी."

"घोरत ऐकता व्हय? पण ऱ्हाऊ द्या. झोपणारा पुढारी लई बरा. कुणाच्या कामात आडवा येत न्हाय. पोरी, हे जमेत टाक."

मी ते पडत्या बाजूंतून काढून जमेत टाकलं. शेठ भाषण लांबवतात, फोटोत पुढे घुसतात, पाहुण्याला अर्धा कप चहा पाजतात, हे पडत्या बाजूंत राहिलं. नरसय्या कुणालाही 'हो' म्हणतात, हे मला दोन्ही रकान्यांत लिहायला लावलं.

हे सगळं ओरडून चाललं होतं. शेठची केबिन म्हणजे मागांच्या शेडमध्येच लाकडी पार्टिशन घालून काढलेली खोली. पलीकडे माग खडखडत असत. त्यामुळे कारखान्यात कुणी साधं बोलतच नसे. गुपितंसुद्धा घसा ताणून सांगत. पलीकडच्याला ऐकू जाण्याची भीती नव्हती, कारण पलीकडे गोंगाट आणखी मोठा. वर्षानुवर्षं असं बोलल्यावर सवय जात नाही. शेठ मंदिरातही मागापुढे उभं राहिल्यासारखे बोलत.

एक गोष्ट मात्र तीन दिवसांत कुणीही ओरडली नव्हती. अध्यक्षपदासाठी शेठच्या विरोधात गुरुपादप्पा उभे होते. गुरुपादप्पा शेठचे व्याही. दोन वर्षांपूर्वी शेठची एकुलती एक मुलगी सुमा त्यांच्या घरात दिली होती. आमच्याकडे मुलीचा बाप मुलाच्या बापापुढे जरा वाकूनच असतो. शेठ जरापेक्षा जास्त वाकत. व्याह्यांचा फोन आला की ते खुर्चीतून उठत, कोटाचं बटण लावत आणि बोलणं संपेपर्यंत उभे राहत. पलीकडच्याला काही दिसत नाही, तरीही.

त्याच आठवड्यात मी मतदारांची यादी टाइप करून दिली होती. कुणाकुणाला भेटायचं यावर शेठनी लाल पेन्सिल चालवली. "यांच्याकडे नको, ते व्याह्यांचे मित्र. इथं नको, ते व्याह्यांच्या शेजारी राहतात." निम्मी यादी खोडली गेली. उरलेल्या निम्म्यांनी सगळ्यांनी मत दिलं असतं तरी शेठ पडलेच असते. मला हे दिसत होतं. पण मला विचारलं नव्हतं.

"तीन दिस लिवतीस," तात्या एकदम माझ्याकडे वळले. "तुला काय दिसतंय?"

मी वहीकडे पाहून सांगितलं.

"आं?"

मी पुन्हा सांगितलं.

"पोरी, मांजर बोलतंय का तू? मोठ्यानं!"

मला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. कॉन्व्हेंटमध्ये त्याला शिक्षा होती. मी डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "शेठ व्याह्यांना घाबरतात! फोनवरसुद्धा उभे राहतात! त्यांच्या माणसांकडे मत मागायला जातच नाहीत!"

'शेठ' म्हणेपर्यंत माग चालू होते. 'व्याह्यांना' म्हणताना लाइट गेली. वीजकपातीचे दिवस होते ते. सगळे माग एकदम थांबले आणि माझा आवाज त्या शांततेत शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

मग पार्टिशनपलीकडून एक जण तेलुगूत काहीतरी म्हणाला आणि सगळी शेड हसली. नरसय्या छताकडे बघू लागले. तो काय म्हणाला, हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

नोकरी गेली, हे मी मनाशी पक्कं केलं.

"अय्यो शिवा," शेठ म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "हे लिहिलंस?"

"नाही सर."

"लिही."

मी पंधरावा मुद्दा लिहिला.

"मग आता?" तात्यांनी विचारलं. "माघार?"

"माघार घेतली तर सुमाच्या सासरी म्हणतील, बाप घाबरला. लढलो तर म्हणतील, बाप माजला. ऐकून घ्यायचं पोरीनं."

तात्यांच्या श्रीपूरच्या अनुभवात व्याही बसत नव्हते. तेव्हा नरसय्यांनी डोळे उघडले.

"मी वर राहते," ते म्हणाले. "तुम्ही खाली राहा, शेठ. अध्यक्षाची लढाई मग माझी आणि गुरुपादप्पांची. मला काही अडचण नाही. माझा पोरगा सातवीत आहे. मला अजून व्याहीच नाही."

तात्या ताडकन उठले. "आन शेठ खोडलेल्या लोकांकडं नरसय्या जाईल की! त्ये कुटंबी जातंय."

शेठना उपाध्यक्ष व्हायचं नव्हतं. गेली सहा वर्षं नव्हतं व्हायचं. त्यांनी मला नवा फॉर्म मशीनला लावायला सांगितला. फॉर्म इंग्रजी, चार प्रती. म्हणजे कागदांच्या मध्ये तीन कार्बन. एक अक्षर चुकलं तर चार ठिकाणी खोडायचं. वरच्या ओळीत मी नरसय्यांचं नाव टाइप केलं. खालच्या ओळीला आले तेव्हा शेठनी मशीनवर हात ठेवला.

"थांब, बाळ."

मी थांबले. लाइट आली. माग सुरू झाले. शेठ काहीतरी म्हणाले, पण हळू आवाजात, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, त्यामुळे ते काय म्हणाले मला कळलं नाही. मग त्यांनी हात काढून घेतला. मी खाली त्यांचं नाव टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला फॉर्म गेला. एक वाजता गुरुपादप्पांचा फोन. आमच्या शेडमधल्या निम्म्या लोकांचे भाऊ त्यांच्याकडे कामाला होते, तेव्हा माझं वाक्य त्यांना आदल्या संध्याकाळीच पोचलं असणार. शेठ उठले, बटण लावलं. "होय जी," म्हणाले. पुन्हा, "होय जी." फोन ठेवला.

"काय म्हणत्यात?" तात्यांनी विचारलं.

"म्हणाले, बसून बोला."

"आन तुमी उभंच?"

"बसता आलं असतं तर फॉर्म कशाला बदलला असता?"

जोडी नऊ मतांनी निवडून आली. निकालानंतर गुरुपादप्पा हार घेऊन आले. तो त्यांनी नरसय्यांना घातला आणि शेठना म्हणाले, "सुमा पेढे करतेय, संध्याकाळी या." शेठ इतके वाकले की मला वाटलं काही पडलं म्हणून शोधतायत.

पहिल्या सभेत अध्यक्ष डोळे मिटून ऐकत होते आणि उपाध्यक्ष चाळीस मिनिटं बोलले. फोटोत उपाध्यक्ष पुढे आहेत. तात्या पुढे मोडनिंबला सांगत, की ही जोडी उलटी करायची अक्कल त्यांचीच.

नंतर बऱ्याच ऑफिसांत बऱ्याच साहेबांच्या गुणदोषांचे कागद मी टाइप केले. त्यावरून एवढंच सांगते. उमेदवाराच्या जमेच्या बाजू कुणीही बाहेरचा लिहून देईल. पडत्या बाजू मात्र त्याच्या हाताखालच्या माणसाकडून लिहून घ्याव्यात. तो त्या रोज सकाळी दहा ते सहा सोसत असतो.