क्लासची पुस्तकं, क्लासशिवाय

किशोरभाऊंनी पुस्तकांचा जड खोका माझ्या टीपॉयवर ठेवला आणि घाम पुसत म्हणाले, "मॅडम, एवढं सगळं आणून दिलं, तरी पोरगी म्हणते मले फिजिक्स जमत नाही. मग कॉमर्स घेऊन टाकू का?"

पोरगी म्हणजे मयूरी. त्यांच्या शेजारीच बसली होती.

मी धुळ्याला ज्युनिअर कॉलेजात बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं. आता जळगावात, पिंप्राळ्यात राहते आणि घरी शिकणाऱ्या मुलांना अभ्यासक्रम निवडून देते. किशोरभाऊ रावेरकडचे केळी बागायतदार. आठवीत मयूरीच्या पाठीचं ऑपरेशन झालं, रोजचा एसटीचा प्रवास झेपेना, म्हणून ती घरी शिकू लागली. पाठ बरी झाली, घरचा अभ्यास मात्र सुटला नाही. दहावी तिने मुक्त विद्यालयातून दिली. आता बारावीसाठी विषय ठरवायचे होते, त्याच महिन्यात. फिजिक्स सुटलं असतं तर इंजिनिअरिंगही सुटलं असतं, आणि तिला तेच करायचं होतं.

खोक्यात एका कोचिंग क्लासची मॉड्यूल्स होती.

"माझा पुतण्या याच्यावरच इंजिनिअर झाला," किशोरभाऊ म्हणाले.

"तो क्लासला जायचा ना?"

"जायचा की. रोज."

"आणि मयूरी?"

"ती तर घरीच." एवढं बोलून त्यांनी स्वतःच खोक्याकडे पाहिलं.

मॉड्यूल म्हणजे सरावाचं पुस्तक. वर चार सूत्रं, खाली प्रश्नांची रांग. सूत्र कुठून आलं ते वर्गातले सर फळ्यावर सांगतात. सर नसतील तर पुस्तक अर्धंच राहतं, आणि उरलेलं अर्धं आपल्याच डोक्यात नाही असं मुलांना वाटतं.

"कुठे अडलीस?" मी विचारलं.

"व्हेक्टरला. बाणाचे दोन तुकडे करा म्हणतात. कसे करायचे ते आहे. का करायचे ते कुठंच नाही."

व्हेक्टर म्हणजे जिला दिशाही असते अशी राशी. कागदावर ती बाणाने दाखवतात. मयूरीचा प्रश्न रास्त होता, आणि ज्यांना जमत नाही ती मुलं असा प्रश्न विचारत नाहीत.

मी तीन पुस्तकं काढली. एक मुक्त विद्यालयाचं स्वतःचं. दुसरं जवळपास गणिताशिवायचं, नुसत्या कल्पना समजावणारं. तिसरं अल्जेब्रा-बेस्ड, म्हणजे कॅल्क्युलस न लावता दहावीच्या गणितावर चालणारं, इंग्रजीतलं जाड पुस्तक. तिन्हींतलं एकच प्रकरण वाचायला दिलं: बलांचा समतोल. अट अशी की प्रत्येक पुस्तक वाचून एक प्रश्न मला पाठवायचा, पुस्तकात नसलेला.

"परीक्षेचे प्रश्न सोडून हे काय नवीन?" किशोरभाऊ म्हणाले.

"दोन आठवडे द्या. नाही जमलं तर कॉमर्स घ्या, असं मीच सांगेन."

मयूरीने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

पहिल्या पुस्तकाबद्दल तिचा मेसेज आला: "समजलं. प्रश्न सुचला नाही." दुसऱ्याबद्दल: "आवडलं, पण यात काही मोजायचंच नाही." मग तीन दिवस काहीच नाही. मीही जरा धास्तावले, कारण शब्द देऊन बसले होते.

चौथ्या दिवशी फोटो आला. केळीचं झाड घडाच्या वजनाने वाकू नये म्हणून दोन बांबू वर एकमेकांत अडकवून टेकू देतात, त्याला कैची म्हणतात. त्या कैचीवर मयूरीने बाण काढले होते. खाली लिहिलं होतं: "बाबा कैची रुंद लावतात तेव्हा बांबू खालून बाहेर सरकतात. घड तर तेवढाच असतो. मग जास्तीचा जोर आला कुठून?" त्याखाली बाणाचे दोन तुकडे, एक उभा आणि एक आडवा. कैची जितकी रुंद तितका आडवा तुकडा लांब. बाण का तोडायचा, ते तिचं तिला सापडलं होतं.

संध्याकाळी किशोरभाऊंचा फोन.

"मॅडम, ही दिवसभर बागेत बसून कैच्यांचे फोटो काढू राहिली. मजूर हसू राहिले. मले विचारते, बाबा एवढी रुंद का लावता?"

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, आबा तशीच लावायचे." मग म्हणाले, "सरकतात मात्र खरंच."

जाड पुस्तक मुख्य ठरवलं. परीक्षेपुरतं मुक्त विद्यालयाचं सोबत. पहिला महिना फक्त त्रिकोणमिती, कारण तिचा पाया तिथेच कच्चा होता. मॉड्यूल्स पुढच्या वर्षी, सरावाला. किशोरभाऊ म्हणाले, "तोवर खोका तुमच्याकडेच राहू द्या. घरी दिसला की ती घाबरते."

मी घेतलेल्या पहिल्या चाचणीत तिला बेताचेच मार्क पडले. मी फोन केला तेव्हा आवाज उतरलेला होता, पण वाक्य बदललं होतं. "मॅडम, घर्षणाचं शेवटचं पान जमलं नाही," म्हणाली. फिजिक्स जमत नाही, असं नाही म्हणाली.

पुस्तक निवडताना मी आता आधी एकच बघते: हे लिहिणाऱ्याने मुलाच्या शेजारी कोण बसलंय असं धरलंय? ते माणूस घरात नसेल, तर पुस्तक कितीही नावाजलेलं असो, खोक्यातच बरं.