दोराचे दोन हिसके

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी उठून चहा टाकायला जातो. अंगात येणं, उतारे, चकवा... सगळं थोतांड, हे माझं मत मिसरूड फुटल्यापासूनचं आहे आणि ते आजही बदललेलं नाही. तेव्हा हे वाचून कुणी मला गंडेदोरे सुचवायला येऊ नये, नाहीतर चार शब्द ऐकून जाल. पण एक गोष्ट इतकी वर्षं घशात अडकून बसली आहे, ती आज सांगून टाकतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा लोणंदचा, वय सव्वीस, मासे खात्यात फील्ड असिस्टंट, नेमणूक कराडला. काम काय, तर शंख मोजणं! हसा, घरचेही हसायचे. कराडच्या खाली, कुंडलच्या बाजूला कृष्णेचा एक डोह आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. त्या डोहातल्या महसीर माशांच्या अंगावर काळे ठिपके उठत होते आणि मासे मरत होते. रोग एका परजीवी किड्याचा. हा किडा आधी नदीतल्या बारक्या शंखांच्या पोटात वाढतो, तिथून बाहेर पडतो आणि माशाच्या कातडीत घुसतो. म्हणजे शंख वाढले की रोग वाढला. म्हणून दर पंधरा दिवसांनी फूटभराची लोखंडी चौकट तळाशी ठेवायची, चौकटीतले सगळे शंख पिशवीत भरून वर आणायचे आणि मोजायचे. अशा तीन जागा ठरलेल्या होत्या.

मला डोहात न्यायचे तात्या. जातीनं भोई, वय साठीचं, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. त्यांच्याकडे नाव नव्हती, काहील होती. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती भली मोठी लोखंडी कढई! आमच्याकडे तीच पाण्यात ढकलून लोक नदी ओलांडायचे. तात्यांचा जन्म मासे धरण्यात गेला, पण या डोहातला एक मासा त्यांनी कधी धरला नाही. ते देवाचे मासे, आणि ते राखायचं काम बापापासून यांच्या घरात. डोहात उतरायच्या आधी मूठभर चुरमुरे टाकायचे. मासे वर आले तर उतरायचं, नाही आले तर मुकाट्यानं घरी जायचं, असा गावाचा रिवाज.

त्या दिवशीची मोजणी निर्णयाची होती. तिन्ही चौकटींची सरासरी ठरलेल्या आकड्याच्या वर गेली, तर दुसऱ्या दिवशी शंख मारायला डोहात मोरचूद टाकायचा, असा साहेबांचा हुकूम होता. पोती चावडीत येऊन पडली होती. मोरचूद शंखांना मारतो हे खरं, पण माशांना सोडतो असं नाही. तात्यांना ते न शिकता माहीत होतं.

"सायब, द्राक्षाच्या बागंवर मोरचूद मारत्यात, तवा खालच्या वड्यातली बेडकं पट्टदिशी मरत्यात. ह्यास्नी सोडंल व्हय त्यो?"

"तात्या, मी फक्त मोजतो. येईल तो आकडा."

"मग त्यो आकडा जरासा..."

"ते जमणार नाही." माझ्या वहीत खोटा आकडा नव्हता आणि त्याची मला भारी घमेंड होती.  तात्यांचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पहिल्या दोन जागा काठालगत, त्या सकाळीच उरकल्या. शंख बरेच होते. सगळं तिसरीवर येऊन ठेपलं. तिसरी जागा डोहाच्या मध्यावर, दीड पुरुष पाणी, आणि खालच्या अंगाला फळ्यांचा बंधारा. अकराचं लख्ख ऊन. तात्यांनी चुरमुरे टाकले... ते पाण्यावर तसेच पसरून राहिले. एकही तोंड वर आलं नाही.

"आज न्हाई आली. आज नगं उतरू, सायब."

"उपास असेल त्यांचा," मी म्हणालो. तात्या हसले नाहीत. चेहरा घामानं डबडबला होता. उन्हानं असेल, असं मला वाटलं.

मी कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक काहिलीच्या कडीला बांधायचं नाही, कारण कडीला ओढ बसली की काहील कलंडते. म्हणून टोक तात्यांच्या हातात. यापूर्वी आम्ही कधी खूण ठरवली नव्हती, त्या दिवशी मात्र तिथंच, काहिलीत बसून ठरवली. तात्या म्हणाले, "येक हिसका म्हंजी समदं ठीक. दोन म्हंजी असशीला तसं वर या." मी बरं म्हटलं आणि बुडी मारली.

दोन बुड्यांत निम्मी चौकट झाली. तिसऱ्या बुडीत डाव्या हातानं खडक धरून उजव्यानं शंख वेचत होतो, तेवढ्यात कमरेला हिसका बसला. लगेच दुसरा. दोन! मला संताप आला. आता मध्येच काय काढलं म्हाताऱ्यानं, म्हणत मी वर आलो.

काहील माझ्यापासून चांगली पन्नास-साठ फूट लांब गेली होती. भोवऱ्यासारखी गरागरा फिरत बंधाऱ्याकडे चालली होती. बंधाऱ्याच्या फळ्यांवरून पाणी धो-धो खाली पडत होतं. तात्या आत आडवे झाले होते, एक हात कडेवरून बाहेर लोंबत होता... रिकामा.

मग दोर कुणी ओढला?

मी खाली पाहिलं. दोर माझ्या कमरेपासून काहिलीकडे गेलाच नव्हता. तो सरळ खाली, डोहात गेला होता. ताठ. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ते दोन्ही हिसके वरून नव्हतेच. ते पायांकडून बसले होते.

पोहायला लागलो तर जागचा हलेना. कंबर जखडल्यासारखी झाली, गाठ पाण्यानं आवळलेली, सुटेना. समोर तात्या बंधाऱ्याकडे चाललेले. मी घाबरलो हो, सरळ सांगतो, पार घाबरलो. आणि काहीही न मानणारा मी त्या पाण्याकडे बघून ओरडलो, "सोड! अरे म्हातारा जाईल माझा, सोड की!"

दोर सैल पडला.

हातपाय कसे मारले ते मला आठवत नाही. बंधारा दोन काहिलींच्या अंतरावर असताना कडी हाताला लागली. काठावर मोटार चालू करायला आलेला एक शेतकरी होता, त्यानं पाण्यात उडी घेतली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तात्यांना कराडला नेलं. हार्ट अटॅक. पण वाचले.

साहेबांचं म्हणणं, दोर खडकात अडकला असेल. असेलही. पुढं म्हणाले, "दोन चौकटींवरून सरासरी काढून टाक." तो आकडा मर्यादेच्या वर जात होता. मी म्हणालो, "तिसरी चौकट मोजलेली नाही. अपुरी मोजणी मी सही करून देणार नाही." नोकरीत वरिष्ठाला उलट बोललो ते तेव्हाच. पोती परत गेली. पावसाळ्यात महापुरानं तळ खरवडून नेला, शंख कमी झाले, ठिपकेही ओसरले. त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आहे, हवं तर कागदावर काढून दाखवतो.

पण चौथ्या दिवशी दवाखान्यात तात्यांना भेटलो, तेव्हाचं नाही. आवाज खोल गेलेला. पहिला प्रश्न माशांचा. मोरचूद परत गेला म्हटल्यावर त्यांनी डोळे पुसले. मग मी दोराचं सांगितलं. साहेबांचा खडकही सांगितला.

"किती हिसकं?" त्यांनी विचारलं.

"दोन."

तात्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"दोन म्हंजी वर या, ह्ये कुनाकुनाला ठावं हुतं, सायब?"

"तुम्हाला आणि मला."

"आनि ठरवलं कुटं हुतं आपुन?"

 डोहाच्या मधोमध ठरवलं होतं. वर आम्ही दोघं, आणि खाली ते.

आजही याचा उलगडा मला झालेला नाही, आणि मी अजूनही काही मानत नाही. फक्त त्या वाटेनं गेलो की खिशात चुरमुरे असतात. टाकतो, आणि मासे वर येईपर्यंत काठावर थांबतो. कितीही उशीर झाला तरी.