अकोल्याला, एका टिंबाचा पत्ता विचारायला

अमरावतीहून अकोल्याला लोक लग्नाला जातात, दवाखान्यात जातात, कापसाच्या सौद्याला जातात. आम्ही दोघी गेलो एक टिंब पाहायला. मी, सुभद्राबाई, सांगते आहे आणि माझी नात सई टाइप करून राहिली आहे. मला अक्षर येत नाही आणि तिला धीर नाही, म्हणून चुकलं तर दोघींना अर्धा अर्धा दोष द्या.

सई व्हायोला वाजवते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, अंगानं भरलेली आणि आवाजानं घोगरी, आमच्या घराण्यासारखी. राजापेठेतल्या क्लासात चौघं मिळून दोनशे वर्षांपूर्वीच्या एका परदेशी माणसाची रचना बसवत होते. दोन व्हायोलिन, एक ही, आणि एक मांडीत धरायचा मोठा चेलो. येत्या रविवारी कार्यक्रम होता आणि त्याआधीच्या सोमवारी चौघांचं भांडण झालं. एका जागी तिघं सूर लांब ओढत आणि सई तो टक् करून तोडे.

"सगळे ताणून राहिले अन् तू एकटीच काहून तोडून राहिली?" पहिल्या व्हायोलिनवरचा अथर्व म्हणाला.

"माझ्या पानावर सुरावर टिंब आहे. टिंब म्हणजे तोडायचा. दोन महिने तेच वाजवते आहे. चूक निघाली तर रविवारी मी बसणार नाही, दुसरी आणा."

हे ती रागात बोलली आणि मग मागे फिरेना. हा हट्ट तिने कुणाकडून घेतला, ते इथे लिहायची गरज नाही.

मोबाइलवर जुन्या प्रती सापडल्या, पण क्लासातल्या मॅडम म्हणाल्या, त्यात ज्याने त्याने आपल्या मनाने खुणा घातल्यात, भरवसा नाही. अकोल्यात धोत्रे सर म्हणून आहेत, त्यांच्याकडे अभ्यासकांनी शोधून काढलेली प्रत आहे, ती पाहून या. सई एकटी निघत होती. मी म्हटलं, मीही येते, निकाल काय लागतो ते मला ऐकायचं आहे.

तुम्हाला जायचं असेल तर राजापेठेतून सातच्या आत ऑटो धरा. नंतर ट्युशनची पोट्टी गाड्या घेऊन निघतात आणि रस्ता त्यांच्या बापाचा होतो. एसटी बडनेरा, मूर्तिजापूर करत दोन-अडीच तासांत अकोल्याला टेकते. बायांना अर्धं तिकीट आहे. मी पंच्याहत्तरी ओलांडलेली, मला पुरतं माफ, फक्त आधारकार्ड हाताशी ठेवा.

कंडक्टरने सईच्या काळ्या पेटीकडे बोट केलं. "माय, याच्यात काय हाय? लगेज लागन."

"माहा नातजवाई हाय," मी म्हटलं. "लगन व्हायचं हाय अजून, म्हणून झाकून ठेवला."

मागच्या सीटवरची दर्यापूरकडची बाई टोपली सांभाळत हसली. "लय बारीक दिसते व माय जवाई. खाऊ-पिऊ घालत नाई का?" लगेज लागलं नाही. सई मूर्तिजापूरपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिथे बस थांबली तशी गरम आलूबोंडे आणि तळलेली मिरची घेतली, मग बोलली. बाहेर दोन्ही अंगाला कापूस फुटलेला होता, तूर कमरेच्या वर उभी. हिवाळ्यातच जा. उन्हाळ्यात अकोल्याला जाणारा माणूस एक तर अकोल्याचा असतो, नाहीतर त्याला कुणी सल्ला दिलेला नसतो.

धोत्रे सर कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. नोकरीभर माती तपासली. तरुणपणी शिकायला परदेशी गेले, तिथे चेलो धरला, आणि तेव्हापासून ही पुस्तकं जमवत आले. लोक जिथे टीव्ही ठेवतात तिथे त्यांची कपाटं. दारातच म्हणाले, "आधी हात धुऊन या."

मी चपला काढल्याच होत्या. हात धुतले, आणि का कोण जाणे, पदरही डोक्यावर घेतला.

पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी आणलं. कापडी पाठीचं, परातीएवढं. कागद असा जाड की माझ्या लग्नाची पत्रिकाही तशी नव्हती. पानभर पाच पाच सरळ तासं, पेरणीला ओढतात तशी, आणि त्यात सरकी टोबल्यासारखी काळी बी. मी वाचणार काय, पण वाकून पाहत राहिले. सरांनी सांगितलं, त्या माणसाच्या हातची वही एका गावी आहे, नक्कल करणाऱ्याने उतरवलेली दुसऱ्या गावी, पहिली छपाई तिसरीकडे. अभ्यासक वर्षानुवर्षं हिंडले, सगळ्या प्रती शेजारी ठेवल्या आणि एकेक टिंब, एकेक रेघ जुळवून पाहिली.

"अन् नाई जुळलं तर?"

"तर मागे लिहितात, आजी." त्यांनी शेवटची पानं उघडली. बारीक अक्षरांची दाटी, मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखी. "इथे हे असं आहे, तिथे ते तसं आहे, आम्ही हे घेतलं, कारण असं. आणि काही ठिकाणी नुसतं लिहितात, सांगता येत नाही."

मी म्हटलं, "एवढा शिकलेला माणूस 'मले माहीत नाई' असं छापते, अन् तुमी पैसे देऊन घेता?"

"त्याचेच तर पैसे आहेत."

माझं लक्ष सुरांवर काढलेल्या एका तुटक कमानीवर गेलं. बाकीच्या कमानी सलग, ही तुटकतुटक. विचारलं. सर म्हणाले, ही मूळ वहीत नाही, इथे हवी असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणून वेगळी दाखवली.

"म्हणजे कच्चा टाका. फिटिंग पाहासाठी घालते तो. नाई जमला तर उसवा."

सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "मला हे समजायला एक अख्खा हिवाळा लागला होता."

सईला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिने तिची झेरॉक्स पुस्तकाशेजारी मांडली आणि घरं मोजली. उभ्या रेघांमधल्या जागेला ती बार म्हणते, मी घर म्हणते. बेचाळिसाव्या घरात तिच्या कागदावर टिंब होतं. सरांच्या पुस्तकात नव्हतं. सरांनी मागची पानं बोटाने तपासली. वहीत नाही, नकलेत नाही, छपाईत नाही.

"म्हणजे मीच चूक," सई म्हणाली आणि पेटीची कडी लावायला वाकली. ती रडत नाही, हनुवटी घट्ट करते. तशी केली.

"थांब गं," सर म्हणाले. "टिंब आकाशातून पडत नाही. हे बघ, याच पुस्तकात आठव्या घराबद्दल लिहिलंय, नक्कल करणाऱ्याच्या टाकातून शाईचा थेंब सांडला, छापणाऱ्याला तो टिंब वाटला आणि कितीतरी वर्षं लोकांनी तो सूर तोडून वाजवला. तुझ्या झेरॉक्सचं मूळ पुस्तक कुठे आहे?"

ते माझ्या पिशवीत होतं, फडक्यात गुंडाळलेलं. दसऱ्याच्या आधी कुरिअरने आलं तेव्हापासून सई ते जपते, दसरा झाल्यावर झेरॉक्स काढली आणि तिच्यावरच वाजवते. सर 'थेंब' म्हणाले आणि माझा हात पिशवीतच थांबला.

दसऱ्याला मी त्याची पूजा केली होती. पुस्तकाची पुढची बाजू कोणती ते मला कळत नाही, म्हणून जिथे उघडलं तिथेच कडेला हळदीकुंकवाचं बोट टेकलं. कुंकू ओलं होतं.

खरं सांगते, मनात आलं, पिशवी उघडूच नये. म्हणावं, घरी राहिलं. सर काय झडती घेणार होते? पण समोर ते बारीक अक्षर पसरलेलं होतं. आमचा अंदाज, आमचं अज्ञान, सगळं छापलेलं. त्याच्यापुढे खोटं बोलायला मला लाज वाटली.

"सई," मी म्हटलं, "ते टिंब माहं हाय."

सरांनी पान खिडकीशी नेलं आणि भिंग धरलं. कडेचा हळदीचा डाग सगळ्यांच्या ओळखीचा होता. पण त्याच्या वर, त्या पाच रेघांच्या आत, वाळून काळपट झालेला एक शिंतोडा बरोबर त्या सुराच्या डोक्यावर बसला होता. उन्हात तो लाल निघाला.

सईने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "आजी! दोन महिने मी तुझं कुंकू वाजवून राहिली?"

"मग गोड लागलं का नाई?"

ती हसत सुटली आणि हसता हसता हनुवटी सुटली, मग रडली. सरांनी तिच्या मॅडमना फोन लावला. "मुलगी वाचण्यात चुकलेली नाही. पानावर होतं तेच तिने वाजवलं. पान चुकलं." पलीकडून अथर्वचा आवाज आला, "मग ये ना लवकर, सराव बाकी हाय."

निघताना सरांनी पेन्सिलीने त्यांच्या पुस्तकाच्या अगदी मागे एक ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली. अमरावतीची प्रत, घर बेचाळीस, व्हायोला, टिंब, कुंकवाचं, सुभद्राबाईंच्या हातचं.

"अंगठा लावू का जी?"

"नको!" दोघं एकदम ओरडले.

परतताना राजापेठेत गिला वडा खाल्ला, दह्यासकट. तिकडे गेलात तर चुकवू नका.

रविवारी सर रेल्वेने बडनेऱ्याला उतरून आले, ते थोर पुस्तक घेऊन, आणि माझ्या शेजारी बसले. चौघं वाजवत होते आणि सर पानावरून बोट फिरवत होते. बेचाळिसाव्या घराशी त्यांनी बोट टेकलं आणि मान हलवली. मी कान दिला. चार सूर एकमेकांत असे मिसळले की त्यातली सई मला वेगळी काढता येईना. बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

आता घरी नवं पुस्तक आलं की सई आधी पुढची बाजू दाखवते आणि मी कोरड्या बोटाने वरच्या पुठ्ठ्यावर पूजा करते. त्या जुन्या पानावरचा शिंतोडा तिने खोडला नाही. कधीमधी ते उघडून मी बघते. जन्मभर एक अक्षर लिहिलं नाही, आणि जे एक लिहिलं ते नातीने दोन महिने वाचलं.