रुमालाखालचा डॉलर

तिघांना मिळून एकच पत्र लिहितोय. सुमनताई, गुडघा वाकतोय का आता? बापू, खोकला गेला, की काढा अजून खिडकीतून ओतताय? आणि सिडनीतली माझी नात मनू, तू वेळेवर जेवतेस ना? पैसे पाठवताना आकड्याआधी $ काढलं की झालं ना, असं तू विचारलंस आणि मी थेट सत्तरच्या दशकातल्या मिरजेत जाऊन पोचलो!

हळद विकायला उंब्रजहून एसटीने सांगलीला निघालो होतो. कराडला गाडी बदलायची, खिडकी पकडायची, की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. बाजारात दलालाने रुमालाखाली माझी बोटं दाबली, मी त्याची दाबली, भाव ठरला. तोंडातून अक्षर नाही. मनासारखा भाव मिळाल्यावर भडंगाचा पुडा घेतला आणि मिरजेला तंबोरे करणाऱ्या रज्जाकभाईकडे, माझ्या दोस्ताकडे गेलो. (मिरजेत उतरलात तर त्या गल्लीत चक्कर माराच. बघायला पैसे पडत नाहीत.)

दुकानात एक गोरा पाहुणा तंबोऱ्यांची जोडी सोडायला तयार नव्हता.

रज्जाकभाई कुजबुजला, "गड्या, ही जोडी गेली तर कारखान्यावर नवा पत्रा बसतोय. न्हाईतर पावसाळ्यात समदे भोपळे कुजत्यात."

"मग बसलास काय? रुमाल आण!"

पाहुण्याने कागदावर $ काढून दाखवलं. डॉलर! आठेक रुपयांना एक! खुणांनी रीत शिकवली आणि मी रुमालाखाली तीन बोटं दाबली. तीनशे. तो लगेच कबूल! आम्ही दोघं नाचायचेच बाकी होतो. विसार म्हणून त्याने एक नाणं दिलं.

चहा घेऊन आलेल्या फातिमाभाभींनी, रज्जाकभाईच्या बायकोने, ते उलटंपालटं केलं. "आवं भाऊ, ह्यावर तर राणी हाय! अमेरिकेत राणी कवा आली?"

पाहुण्याला गाव विचारलं. "हाँगकाँग!" पाच बोटं वर, मग एक: त्यांचे पाच म्हणजे अमेरिकेचा एक. चिन्ह मात्र तेच!

रज्जाकभाईने बोटांवर हिशेब केला: हाती पाचवा हिस्साच! हळदीच्या बाजारात "रुपये" कोण बोलतो? नुसता आकडा दाबायचा. मी तेच केलं होतं, आणि रुमालाखालचा शब्द मोडायची आमच्यात रीत नाही.

पण आमची तोंडं बघून पाहुण्याला सगळं उमगलं. खो खो हसत त्याने स्वतःच रुमाल पुन्हा पसरला.

"थांबा!" भाभी कडाडल्या. "आधी देश लिवा, मग बोटं दाबा."

त्याने फळीवर कोळशाने हाँगकाँग लिहिलं, पुढे $ काढलं. या वेळी आठशे ठरले. स्वप्नातल्या रकमेच्या निम्मे, तरी लय झाले!

उंब्रजपर्यंत एसटीत मी एकटाच हसत होतो. पावसाळ्यात पुन्हा गेलो, तर नव्या पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत होता आणि खाली, कोरड्या भोपळ्यांत बसून, रज्जाकभाई कान लावून तारा जुळवत होता.

तेव्हा मनू, $ च्या शेजारी देश लिहीत जा. आणि उत्तर लवकर धाड गं. पगार किती ते नको सांगूस, तुमच्या डॉलरवर कोण बसलंय तेवढं कळव. भाभी विचारतायत.