धाकट्या घंटेचा चढा सूर

पौषातली संध्याकाळ पेणच्या बाजारात उतरते ती धुराचा वास घेऊन. कुणाच्या तरी शेतावर मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लावलेली असते, गणपतीच्या कारखान्यांतल्या शाडूच्या ओल्या गंधात भाजक्या वालांचा दरवळ मिसळतो, उन्हाचा शेवटचा पिवळा पट्टा कौलांवरून सरकतो, आणि नेमक्या त्याच वेळी बाजारातल्या टॉवरच्या दोन घंटा बोलू लागतात. थोरली शांत, भरदार. धाकटी मात्र तिच्या पंचमापाशी येता येता किंचित वर सरकते आणि तिथेच कापत राहते. म्हणजे, राहत असे. रोह्याहून लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून त्या स्वराने माझा छळ मांडला होता. मुलींना गाणं शिकवायला बसावं, तानपुरा जुळवावा, की वरून ती यायची आणि जुळलेलं सारं विस्कटून जायची. मुली तोंडावर ओढणी धरून हसायच्या आणि मी कावून जायचे.

यंदा टॉवरची डागडुजी निघाली, घंटा दुरुस्त करायला बाहेरगावचा कारागीर आला, आणि बाजारातल्या मंडळींनी सूर पारखायला मला बोलावलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला; सूड उगवायची संधी आपल्या पावलांनी दारात आली होती. कारागिराने धाकटीवर एक टिचकी मारली आणि सांगितलं की हिच्या धातूतच घोळ आहे, मिळेल ते वितळवून ओतलेलं दिसतंय. आतून घासून सूर उतरवून बघू, पण खात्री नाही.

हा घोळ कसा झाला ते मला जनीमावशीने सांगितलं. मावशी खाडीकाठच्या गावातली, मिठागरातलं मीठ घेऊन टॉवरच्या सावलीत बसते. जुनी घंटा तडकली तेव्हा नवी ओतण्यासाठी घरोघरून भांडी मागितली होती. त्याआधीच्या पावसाळ्यात मावशीच्या मुलीचं, सुगंधाचं लग्न ठरलेलं, रुखवताची भांडी आणून, घासून, उतरंडीला लावलेली. आणि उधाणाने खाडीचा बांध फुटला तेव्हा शेतावर गेलेली सुगंधा परत आलीच नाही. अशी भांडी घरात ठेववत नाहीत, दुसऱ्या नवरीला देता येत नाहीत, मोडीत घालायला हात धजावत नाही. मावशीने ती घंटेला दिली. इतर घरांनीही, ज्याला जे जवळ ठेववत नव्हतं, तेच आणून दिलं. तांबं, पितळ, कासं, सारं एकाच मुशीत गेलं.

घंटेला हात लावू नका, असं ती आता म्हणणार, आणि म्हणालीच तर मी कारागिराला परत पाठवीन, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. पण मावशीने माझा हात धरला.

"रडते गो बाय ती. इतकी वरसं रडते. तिला गप कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारागीर घंटेत कानस घालून बसला आणि मी तानपुरा मांडीवर घेऊन. सोनेरी भुसा खाली झरत होता. अजून थोडं, अजून थोडं, असं मी सांगत होते आणि प्रत्येक वेळी सांगण्याआधी अडखळत होते, कारण तो कापरा स्वर आता मलाही घंटेचा नाही, सुगंधाचा वाटत होता. मग एका घासण्यानंतर त्यातला कंप थांबला. पंचम थोरलीच्या षड्जात अलगद मिसळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र भीती वाटली, अगदी स्पष्ट भीती.

संध्याकाळी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. बाजार क्षणभर थांबला, बरं वाटलं म्हणाला, आणि पुन्हा भाजीच्या भावाकडे वळला. मावशी मिठाचं माप हातात घेऊन उभी होती, मान वर करून, चेहऱ्यावर मावळतीचा उजेड. मी तिच्याजवळ गेले. तिला हलकं वाटलं असेल, अशी माझी वेडी आशा. नाद हवेत विरला तरी तिची मान खाली येईना. मग तिने माझ्याकडे पाहिलं, वाट चुकलेल्या माणसासारखं.

"आता ही कोनाची गो?"

मी तिच्याशेजारी गोणपाटावर बसले. पुढचा टोला पडायला अवकाश होता, तरी आम्ही दोघी ऐकत राहिलो.