यादीतून काढलेली कंपनी

एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला गुंतवणूक व्यवस्थापनाचा प्रकल्प होता. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. सरांनी प्रत्येकाला कागदावर सारखीच रक्कम दिली. ती निरनिराळ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये घालायची, वर्षभर वर्तमानपत्रातले भाव पाहायचे आणि काही घेतलं, ठेवलं किंवा विकलं तर त्याचं कारण लिहायचं. जास्त गुण कारणाला होते, नफ्याला नव्हते. ही गोष्ट मला फार आवडली होती.

आमच्या घरात शेअर कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात असेंब्लीवर होते. माझ्या यादीत पहिली मी तीच कंपनी लिहिली, कारण दुसऱ्या कुठल्या कंपनीबद्दल मला काही ठाऊकच नव्हतं. पुढे ग्रंथालयात बसून बाकीच्या शोधल्या. आमच्या कंपनीचा ताळेबंद चांगला निघाला. भावही चढत होता.

मग थंडीत बैठका सुरू झाल्या. आमचं घर रहाटणीत, कारखान्यापासून आडबाजूला, चहूकडे शेतं. म्हणून युनियनची चारपाच माणसं रविवारी दुपारी आमच्याकडे जमत. मध्ये पत्त्यांचा डाव मांडलेला असे, पण पानं कुणी उचलत नसे. पगारवाढीची बोलणी फिसकटली होती आणि संपाची नोटीस द्यायचं ठरत होतं. व्यवस्थापनाला आधी सुगावा लागला, तर पुढे असणाऱ्यांना कुठल्या तरी निमित्तानं कामावरून काढतील, ही सगळ्यांना धास्ती होती. त्यात पहिला नंबर वडिलांचा. मी चहा घेऊन आतबाहेर करायची. माझ्यासमोर कुणी आवाज खाली आणत नसे.

एकदा त्यातल्या एका काकांनी कप उचलता उचलता विचारलं, "काय ताई, आमच्या कंपनीचे शेअर घेतलेस म्हणं. म्हंजे तू मालक. आमच्या मागण्यांचं तेवढं बघ की."

सगळे हसले, वडीलही. मी मात्र अडकले होते. मला जे ठाऊक होतं ते अजून कुठल्याच वर्तमानपत्रात नव्हतं. शेअर ठेवावेत तर ते का ठेवले, याचं खोटं कारण लिहायचं. काढावेत तर खरं कारण लिहिता येत नव्हतं. बरेच दिवस मी ते पान तसंच सोडलं. शेवटी काढले, आणि पुढे लिहिलं, 'जोखीम विभागण्यासाठी'.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून एका कारखान्याच्या अर्थविभागातले साहेब आले होते. त्यांचा कारखाना वडिलांच्या कारखान्याच्याच रस्त्यावर होता. ते माझा अहवाल चाळत होते. त्या पानावर थांबले.

"भाव चढत असताना विकलंत?"

मी हो म्हटलं.

"जोखीम विभागायची होती, तर बाकीच्या सगळ्या जागच्या जागी कशा? एकच कशी गेली?" त्यांनी त्या पानावर बोट ठेवलं. ते पुढे म्हणाले, "तिथले एक मोठे साहेब माझे शेजारी आहेत. सगळं उत्तम चाललंय म्हणतात. तुम्हाला काही वेगळं कळलंय का?"

नुसतं नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण खोटं बोलले की माझ्या तोंडावर दिसतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. शेजारी आमचे सर पेन्सिल धरून बसले होते.

"सर, माझे वडील तिथे कामाला आहेत," मी म्हटलं. "घरातला किराणा, खोलीचं भाडं, माझी फी, सगळं त्या एकाच कंपनीतून येतं. आमची खरी गुंतवणूक तिथे आधीच आहे. आणखी कशाला घालायची, असं वाटलं."

बोलता बोलता मला जाणवलं की हे खरंच आहे. मी बनवून सांगत नव्हते. आमच्या सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

परीक्षक हसले. "हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

"कुठल्याच नाही, सर."

"छान. वडील कुठल्या खात्यात?"

"असेंब्लीत," मी म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांच्या शेजारचे ते मोठे साहेब आठवले. त्यांनी नुसतं बरं म्हटलं, समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. गुणच लिहिले असतील. मला दिसलं नाही.

घरी पोचले तेव्हा वडील पहिल्या पाळीहून येऊन मोरीत पाय धूत होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, तांब्या तसाच हातात.

"माझं नाव सांगितलंस?"

"नाही दादा. फक्त खातं."

"आडनाव तर तुझ्या वहीवरच आसंल."

ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वडील रागावले नाहीत. त्यांनी पाय पुसले, परत चपला घातल्या आणि सायकल बाहेर काढली. आत्ताच तर आलात, असं आई म्हणाली, तर युनियनच्या लोकांना गाठून येतो म्हणाले. सायकलवर टांग मारता मारता मला विचारलं, "पण शेअर काढलेस ते बरोबर, का चूक म्हनला त्यो?"

"छान म्हणाले फक्त."

"मग बरोबरच आसंल," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीलाच संपाची नोटीस दिली गेली, ठरल्यापेक्षा बरीच आधी. ही घाई माझ्यामुळे झाली का, हे मी वडिलांना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. नोटिशीखाली त्यांची सही होती. आता सगळं उजेडात आलं, गुपचूप कामावरून काढणं कुणाला जमायचं न्हाई, असं ते आईला समजावत होते. आई पाठमोरी बसून भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला, तरी तिनं ती उलटली नाही.